प्रभुभोजनाची पोळी

यंदा आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीवर मला सेक्रेटरी केलं ते माझ्या दोन गुणांमुळे. माझं अक्षर बरं आहे, आणि मला नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात या दुसऱ्या गुणाची फार चेष्टा होते. माझा राग तर त्याहून मोठा विनोद. नवरा म्हणतो, "हिचा राग म्हणजे कुकर. शिट्ट्या भरपूर, आत डाळ तीच."

तर सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम गळ्यात पडलं ते चर्चमागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आवरायचं. दार ओढलं तर डांबरगोळ्यांचा, वाळलेल्या डिंकाचा आणि कसर लागलेल्या कागदांचा वास अंगावरच आला. वरच्या खणात नाताळच्या चांदण्या, त्यांच्या वाकलेल्या कामट्या, चामडं फाटलेला एक डग्गा. खालच्या खणात इतिवृत्ताच्या वह्या, लाल कापडी पाठीच्या. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. छपराची दुरुस्ती, नव्या सतरंज्या, रविवारशाळेच्या सहलीत हरवलेलं पातेलं. या पातेल्यावर तीन बैठका झाल्या होत्या. एकटीच हसत मी पान उलटलं, आणि हसू तिथेच राहिलं.

"सत्वशीलाबाई यांनी आपल्या कन्येच्या अन्यधर्मीय पद्धतीच्या विवाहात अक्षता टाकून भाग घेतला, सबब त्यांस तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. तदनंतर त्यांनी मंडळीसमोर लेखी पश्चात्ताप सादर केल्यास त्यांस पूर्ववत सामील करून घ्यावे. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली पाच सह्या. चौथी माझ्या वडलांची.

शाळामास्तराची सही. ठसठशीत, एकही अक्षर न खाल्लेली. तीच सही माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची. सत्वशीलाबाई म्हणजे आमची शीलाआत्या, त्यांची सख्खी धाकटी बहीण.

गोष्ट मला माहीत होती, सही माहीत नव्हती. आमच्या घरात "पंचांनी ठरवलं" असं म्हणायचे, जणू पंच म्हणजे गारपीट, आली आणि झोडपून गेली, तिला कोण काय विचारणार! आणि बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवायची मोठी पंचाईत असते. दार आपटावं तर त्याच्या कानापर्यंत जात नाही. मी वही आपटली. नुसती धूळ उडाली, आणि मलाच सात-आठ शिंका आल्या.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. बोटाच्या पेराएवढा पोळीचा तुकडा आणि एक घोट द्राक्षरस. प्रभूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. शेजारणींना मी सोपं करून "आमचा प्रसाद" म्हणून सांगते आणि पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, कळू देत नाही. ही पोळी आणि हा रस माझ्या लहानपणी कुठून विकत येत नसत. दोन्ही शीलाआत्याच्या चुलीवरून यायचं.

चर्चच्या आवारात तेव्हा कौलारू खोल्यांची एक रांग होती. आता तिथे सिमेंटचे ठोकळे बसवून गाड्या लावतात. मी परवा माझी स्कूटर जिथे लावली तिथे हिशेबाने आत्याची चूल असायला हवी. आत्या दवाखान्यात आया होती, नवरा लवकर गेलेला, घरात ती आणि तिची मुलगी सुनंदाताई. शनिवारी दुपारी ड्यूटीवरून आली की ती डोक्यावरून न्हायची, पांढरं पातळ नेसायची आणि परातीत गव्हाचं पीठ घ्यायची. मीठ नाही, तेल नाही. पीठ मळताना ती एकेका घराचं नाव घ्यायची. "जयवंताचं घर, त्याच्या आईची कंबर. मार्थाबाईचं घर, तिच्या पोराची नोकरी. दादाचं घर, ह्या कार्टीचं गणित." दादा म्हणजे माझे बाबा आणि कार्टी म्हणजे मी. प्रत्येक नावागणिक कणकेला एक घडी पडायची.

"आत्या, तू मळतेस का प्रार्थना करतेस?"

"दोन्ही कामं हाताचीच असतात गं. तोंड उगाच मधे मधे करतं."

मग जाडसर पोळी, मंद आचेवर, फुलू न देता, फडक्याने दाबून दाबून. खोलीभर असा वास की बाहेर गोट्या खेळणारी पोरं उंबऱ्यात येऊन उभी राहायची. कडा कापून टाकलेल्या असायच्या, त्या आम्हाला मिळायच्या, गुळाच्या खड्याबरोबर. मधली पोळी मात्र क्रोशाच्या जाळीखाली. त्या जाळीच्या कडेला काचेचे निळे मणी होते आणि वाऱ्याने ते ताटलीवर किणकिणायचे. त्या जाळीला बोट लावायची माझी छाती नव्हती. मी चोरी करायची ती रसाची. बाटलीला तोंड लावून एक घोट, वर तेवढंच पाणी. आमच्या मंडळीचा द्राक्षरस काही महिने फिका लागत असेल तर त्याला जबाबदार मी आहे. हे मी आज प्रथमच सांगते आहे.

फेब्रुवारी-मार्चात निफाडहून काळी द्राक्षं यायची. दवाखान्यात आत्याने ज्याच्या बापाची सेवा केली होती, तो ज्ञानेश्वर नावाचा तरुण बागाईतदार दर हंगामात दोन पाट्या आणून उंबऱ्यात ठेवायचा. द्राक्षं निवडायला आम्ही सगळ्या पोरी. मोठ्या पातेल्यात ती उकळायला लागली की वाफेला जांभळा रंग आहे असं वाटायचं. खिडकीच्या गजांवर गांधीलमाश्या गोळा व्हायच्या. धुवट कापडातून रस गाळायचा, उकळलेल्या बाटल्यांत भरायचा, तोंडावर मेण ओतायचं. आठवडाभर आमची नखं निळी. शाळेत बाई विचारायच्या, "काय गं, शाई सांडली?" हंगाम सरला की मग मनुका भिजत घालून रस व्हायचा. बाटल्यांची रांग पलंगाखाली, काळोखात, ओल्या पोत्यांखाली. उन्हाळ्यात त्या पलंगावर झोपलं की पाठीला गारवा लागायचा.

सुनंदाताईचं आणि त्या ज्ञानेश्वराचं कसं जमलं, ते मला सांगता येणार नाही. पाट्या उतरवताना जमलं असणार. मंडळीच्या द्राक्षांनीच सोयरीक केली म्हणायची. मला आठवतो तो निफाडचा मांडव. आंब्याची पानं, ताशा, उन्हात तापलेल्या पत्र्याखाली जिलबीचा आंबूस गोड वास. आमच्या आवारातलं फार कुणी आलं नव्हतं. बाबांचं नेमकं त्या दिवशी पोट दुखत होतं. मी गेले, कारण अठरा वर्षांच्या मुलीला नवी ओढणी दाखवायला मांडव लागतोच. मंगलाष्टका सुरू झाल्या. एका बाईने सगळ्यांच्या हातात तांदूळ दिले. आत्याने ओंजळीत घेतले, मुलीकडे पाहिलं आणि टाकले. तिचे ओठ हलत होते. पीठ मळताना हलायचे तसेच.

अक्षता मीही टाकल्या. दोन मुठी. एक मूठ तर नेम धरून सुनंदाताईच्या नाकावर.

ठरावात माझं नाव नाही. मी तो तीनदा वाचून पाहिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझं दृढीकरण झालं, म्हणजे प्रभुभोजन घ्यायची मोकळीक मिळाली. पांढरा ड्रेस, केसांत जाई, पायांत चावणारे नवे सँडल. मागच्या बाकावर आत्याशेजारीच मी हट्टाने बसले. पेटी वाजत होती, झांजा संथ चालल्या होत्या. आमच्यात पंच ताटली घेऊन बाकाबाकाने फिरतात. आमच्या रांगेत बाबा आले. ताटलीवर तीच जाळी, तेच निळे मणी, आदल्या दुपारी आत्याने भाजलेलीच पोळी. ताटली माझ्यापुढे आली. मी तुकडा घेतला. मग बाबांनी ताटली उचलली, बहिणीच्या डोक्याएवढी उंच धरली आणि पलीकडच्या मार्थाबाईपुढे खाली आणली. मणी किणकिणले. आत्या समोर बघत होती. हात मांडीवर, एकावर एक.

आणि मी काय केलं? गिळलं. घास अडकला वगैरे काही झालं नाही. मनात आलं ते इतकंच, की पोळी आज छान जमली आहे.

बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. पुढेही प्रत्येक पहिल्या रविवारी दुपारी जेवत नसत. आई ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला हळू आवाजात सांगायची, "त्यांना वाईट वाटतं." पुष्कळ वर्षं मला त्यात काहीतरी थोर वाटत आलं. आता त्या वहीपुढे बसून वाटलं, बाबा, उपास करणं सोपं होतं हो. ताटली दोन वीत खाली आणायची होती फक्त.

तीन महिने संपले. लेखी पश्चात्ताप काही आला नाही. आत्याने भांडण केलं नाही, चर्च सोडलं नाही, मागच्या बाकावरची जागाही सोडली नाही. विचारलं तर म्हणायची, "कशाचा पश्चात्ताप लिहू? पोरीला आशीर्वाद दिला त्याचा? तसं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि मग खोटं लिहिल्याचा पश्चात्ताप वेगळा लिहावा लागेल. कागद किती नासायचे?"

मधे पंचांना वाटलं की शिक्षेतल्या बाईच्या हातची पोळी बरी दिसत नाही. ते काम महिला मंडळाकडे गेलं. पहिल्या महिन्यात पोळीचा पापड झाला, चर्चभर कुर्रकुर्र. दुसऱ्या महिन्यात त्यांनी रसाच्या बाटल्या सरळ गच्चीवर ठेवल्या. मे महिना, नाशिकचं ऊन. रविवारी मंडळीने डोळे मिटून भक्तिभावाने पेले रिकामे केले आणि शेवटचं भजन असं रंगलं म्हणता! तबलजी थांबेचनात. दारूबंदीवर दरवर्षी व्याख्यान देणाऱ्या मार्थाबाईंनी एकच कडवं चार वेळा म्हटलं आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या गालांवरून हात फिरवले. त्याच संध्याकाळी जयवंतकाका आत्याच्या उंबऱ्यात उभे. तेव्हा ते पंचांत सगळ्यात तरुण होते.

"शीलाबाई, ते पोळीचं आणि रसाचं... तुम्हीच बघा. तुमच्या हाताला जमतं."

आत्या म्हणाली, "बघते की."

बास. एवढंच. मी तिथेच मनुका निवडत बसले होते. मला वाटलं आता ही विचारेल, की हात चालतात तर तोंड का चालत नाही? तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. घरी येऊन जोरजोरात भांडी घासली. त्या काळात आमच्या घरची भांडी फार चकचकीत असत.

तीस वर्षं. तीस वर्षं हिने पोळी भाजली आणि तीस वर्षं ताटली हिच्या डोक्यावरून गेली. दरम्यान जयवंतकाकांची आई अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या. चार महिने आत्याने त्या धुतल्या. पुढे बाबा आजारी पडले तेव्हा त्यांना न्हाऊ घालायला तीच. दोघं भाऊबहीण तासन् तास बसायचे, खिडकीतून दिसणाऱ्या चिंचेबद्दल बोलायचे. त्या एका गोष्टीवर दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पाळक बदलत गेले. प्रत्येक नव्या पाळकाला वाटायचं, म्हातारी स्वतःच घेत नाही, काही नवस असेल.

मग ती साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं. पाळकसाहेब फोनवरून उपासना घ्यायचे, आणि आपापल्या घरी प्रभुभोजन घ्यावं असं ठरलं. पण पोळी आणि रस? पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्याने तोंडाला फडकं बांधून घरागणिक पुड्या केल्या, औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत रस भरला. माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून ती इंदिरानगरपर्यंत फाटकाफाटकाशी पिशव्या टांगत आली. त्या दिवसांत आमच्या मंडळीतली अकरा माणसं गेली. काहींच्या घरी शेवटचं पोचलं ते आत्याच्या हातचंच.

नंतर एकदा मी तिला विचारलं, "आत्या, तेव्हा तरी घेतलंस ना? घरात एकटी होतीस. पोळी तुझी, रस तुझा. कोण बघणार होतं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला खिसा कापायला सांगितलं.

"वाढल्याशिवाय जेवतात का गं कुणाकडे? बोलावणाऱ्याने ताट वाढायला नको?"

आता पोळी होत नाही. आता प्लास्टिकच्या इवल्या पेल्या येतात, खाली रस, वर चकती, वर चांदीचा कागद. कुठूनतरी लांबून खोक्यात येतात. सुनंदाताईच्या नवऱ्याने, ज्ञानेश्वर भावजींनी, त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ते हसूनच बसले.

"लय भारी! आमच्या निफाडात द्राक्षं, तिकडं विंचूरला नुसते वाइनचे कारखाने, अन् तुमचा देव खोक्यातला रस पितो व्हय?"



गेल्या पावसाळ्यात आत्याचं हृदय थकलं. डॉक्टर जवळ पडावेत म्हणून तिला माझ्या घरी आणलं. सुनंदाताईही मुक्कामाला आली. आत्या आता एक्क्याऐंशीची, पाखराएवढी झालेली. वही सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला वेणी घालत होते. केस असे की वेणीला तीन पेड जमवताना मारामार. ती सहज म्हणाली, डाळ संपली आहे असं सांगावं तशी, "एकदा घ्यायचंय गं मला. जायच्या आधी."

"काय?"

"काय काय? प्रभुभोजन. पण पत्र देणार नाही हं."

सुनंदाताई दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि आत गेली. तीस वर्षं ही बाई स्वतःचं लग्न ही आईची शिक्षा म्हणून मनात वागवत होती.

पंचांची बैठक गुरुवारी झाली. मी विषय शेवटचा टाकला होता, 'आयत्या वेळचे विषय' याच्याही खाली. मी अशीच शूर. आवाराच्या फाटकाला रंग कोणता द्यायचा यावर पाऊण तास गेला. मग मी वही उघडून ठराव वाचला. जयवंतकाका आता सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आजारी आहेत, वाईट वाटतं. पण नियम आहे ना बाळ. दोन ओळी लिहून द्यायला काय जातं? आपण लगेच मंजूर करू."

"ती लिहिणार नाही."

"मग आपण तरी काय करणार? पुढच्या बैठकीत घेऊ हवं तर."

"काका, पुढच्या बैठकीला ती असेल का?"

"ते प्रभूच्या हाती."

मला सांगता येत नाही काय झालं ते. बहुधा त्या वाक्यानेच झालं. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. "तिच्या हातची पोळी तीस वर्षं चालली ना तुम्हाला? तुमच्या आईच्या जखमा धुतलेले हात ते! हात चालतात आणि तोंड चालत नाही? हा कुठला नियम?"

"आवाज कमी कर," काका म्हणाले. मग अगदी मऊपणाने, "ह्या ठरावावर तुझ्या वडलांचीसुद्धा सही आहे. तुझे वडील चुकले म्हणायचं का तुला?"

पंखा फिरत होता. मी आयुष्यात कधी बाबांविरुद्ध बोलले नव्हते. गणितात नापास झाले तेव्हासुद्धा नाही.

"हो," मी म्हणाले. "चुकले. आणि त्यांनी माझं नाव का घातलं नाही तेही लिहून घ्या. त्या मांडवात मीही होते. मीही अक्षता टाकल्या. दोन मुठी. आणि तीन आठवड्यांनी तुम्ही सगळ्यांनी मला प्रभुभोजन दिलंत. तर आधी मला काढा. तीस वर्षं दिलंत ते परत घ्या. मग तिच्याकडे पत्र मागा."

पाळकसाहेब कोपऱ्यात बसले होते. तीस-बत्तीसचा मुलगा, मागच्याच वर्षी आमच्याकडे बदलून आलेला, बैठकीत सहसा बोलत नाही. तो माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होता. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मी घरी आले आणि भांडी घासली नाहीत. पडू दिली तशीच. नवरा दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला. तिसऱ्यांदा गेला आणि त्याने मुकाट्याने स्वतःच घासायला घेतली.

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. "ताई, आज चार वाजता येतो. खोक्यातलं आणत नाही. पोळी आणि रस घरचा होईल का?"

"ठराव?"

"तो पुढच्या बैठकीत," ते म्हणाले. "मला तिथे जाब विचारतीलच. बघू."

सुनंदाताईने मनुका उकळल्या. पोळी माझ्याकडे आली. आयुष्यभर ही पोळी भाजताना पाहिली आणि एकदाही लाटली नव्हती. आत्या पलंगावरून सूचना देत होती. "पाणी कमी. अगं, भिंत बांधतेस का? दाब, दाब, फुगू देऊ नको." मळताना घरांची नावं घ्यावीत म्हणून मी सुरुवात केली. जयवंतकाकांच्या घराशी आले आणि अडले. पुढच्या घरांकडे गेले, परत आले, पुन्हा अडले. शेवटी नाव घेतलं, पण प्रेमाने घेतलं असं मी म्हणणार नाही. पोळी वातड झाली. चपलेच्या तळव्यासारखी.

चार वाजता पाळकसाहेब आले. झगा नव्हता, साधा पांढरा शर्ट, बगलेत पवित्र शास्त्र. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत्याच्या पायांवर पडला होता. ज्ञानेश्वर भावजींनी तिला उठवून बसवलं आणि मागे हात लावून आधार देत राहिले.

"मामी, टेका. निवांत टेका. मी धरलंय."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग रीत आहे त्याप्रमाणे म्हणाले, "आपण सगळे क्षणभर शांत राहू, आणि आपापल्या पापांची प्रभूपुढे आठवण करू."

आम्ही डोळे मिटले. क्षण झाला. दोन झाले. मी एक डोळा उघडला. आत्याचे मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते. पाळकसाहेब थांबून राहिले. खालून भाजीवाल्याची आरोळी आली आणि विरली. बरीच वर्षं साठलेलं असावं, किंवा ती ते एकेक निवडून बघत असावी. मला भीती वाटली, ही अशीच जाते की काय.

मग तिने डोळे उघडले. "झालं साहेब. सगळी आठवली." सुनंदाताईकडे पाहिलं. "अक्षतांचं काही त्यात निघालं नाही बघ."

सुनंदाताईला हुंदका आला. ज्ञानेश्वर भावजी छताकडे बघायला लागले.

पाळकसाहेबांनी ताटली पुढे केली. ती थेट तिच्या हनुवटीखाली आली. आत्याने तुकडा उचलला आणि तोंडात घातला. चार दात उरलेले, आणि त्यात माझी ती पोळी. ती चावत राहिली. पाळकसाहेबांच्या हातात रसाचा पेला तयार होता. त्यांना वाटलं झालं, ते जरा पुढे वाकले. तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

साहेब पेला धरून उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. तिला घाई नव्हती.